मेमरी कार्डात नसलेली गाणी

जळगाव जिल्ह्यात पारोळ्याच्या एसटी स्टँडजवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. आता तिथं कव्हर, चार्जर, टफन ग्लास आणि रिचार्ज एवढंच चालतं. जिओ येण्याआधी मात्र दुकानाचा खरा गल्ला एका पाटीवर भरायचा: 'मेमरी भरून मिळेल'. तेव्हाचे मोबाईल बटणांचे, त्यात चायना मोबाईल जास्त, आवाज असा की शेताच्या या बांधावर लावला तर त्या बांधावरच्या माणसाला वेगळा लावायची गरज नाही. गिऱ्हाईक मागचं झाकण उघडून, बॅटरी काढून, छोटंसं कार्ड काउंटरवर ठेवायचं. मी ते रीडरमध्ये घालायचो आणि विचारायचो, "काय टाकू?"

दोन जीबीचं कार्ड असेल तर नुसती गाणी. चार-आठचं असेल तर सोबत एखाद-दोन पिक्चर. हे कायद्यात बसत नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं आणि कार्ड भरायला येणाऱ्या हवालदारालाही. त्याला जुनी हिंदी गाणी लागायची, तीही फक्त दर्दभरी.

आमच्याकडे व्याख्यानमालेत दरवर्षी एखादा तरी वक्ता येतो आणि सांगतो की सिनेमा, टीव्ही, मोबाईल यांनी समाज बिघडवला, लोकांना काय हवं ते कळत नाही, समोर येईल ते गिळतात. बाजाराच्या दिवशी माझ्या स्टुलावर तासभर बसला असता तर त्यानं भाषण बदललं असतं. काय हवं ते लोकांना बारीकसारीक ठाऊक असायचं. नाईट मारणाऱ्या एसटी ड्रायव्हरला सत्तरच्या दशकातली गाणी हवी, पण संथ नको, झोप येते. हायवेवरचे ट्रकवाले कव्वाली मागायचे. भीमगीतांचं फोल्डर बारा महिने चालायचं आणि एप्रिल लागला की मला वेगळी जागा रिकामी करावी लागायची. कापूस वेचायला सातपुड्यातून, चोपडा-शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरून येणारी पावरा आणि भिल्ल पोरं टिमली, म्हणजे आदिवासी नाचगाणी, मागायची. माझ्याकडची टिमली त्यांना जुनी वाटायची, मग तीच पोरं आपल्या कार्डातून नवा माल काढून द्यायची. कॉलेजच्या पोरांना साऊथचे हिंदीत डब केलेले पिक्चर. एक म्हातारे आबा होते, त्यांना मी एका भजनाची दुसऱ्या गायकाची आवृत्ती भरून दिली. दुसऱ्या दिवशी तंगडतोड करत परत आले. "हाऊ तो नही," म्हणाले, "हाऊ बिगर दाढीनासारखा गास." आवाजावरून दाढी ओळखणारा श्रोता आणि त्याला म्हणे काही कळत नाही.

पण या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. काउंटरच्या पलीकडे उभी असलेली ही सगळी माणसं पुरुष होती.

शेजारी फॉल-पिकोचं दुकान. तिथं दिवसभर बायका. माझ्याकडे एकही नाही. त्यांची कार्डं यायची, पण नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशातून. "हे घरचं आहे, यात टाका काहीतरी." काहीतरी म्हणजे काय? "टाका दोन-चार भजनं, आरत्या. ते नवीन सिरियलचं गाणं असेल तर टाका." झालं. तालुक्यातल्या बायका काय ऐकतात याची माझ्या कॉम्प्युटरवरची सगळी यादी पुरुषांच्या अंदाजानं बनलेली होती. त्या अंदाजात बाई एकतर देवाचं ऐकते नाहीतर सिरियलचं.

हे मला दाखवून दिलं मायनं. श्रावण लागत होता. तिनं तिचं कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "यामा कानबाईना गाना टाकी दे." मी 'अहिराणी' नावाचं, आमच्या खान्देशी बोलीतल्या गाण्यांचं फोल्डर उघडलं. चांगलं भरलेलं होतं. सगळी पोरांची गाणी, पोरीच्या मागे लागलेली. कानबाईचं एकही नाही. आखाजीचं नाही. हळदीच्या रात्री बायका म्हणतात त्यांतलं नाही. ही गाणी कुणी रेकॉर्ड केली असतील असं तेव्हा मला वाटलंच नव्हतं, कारण ती कुणी मागितलीच नव्हती. आणि मागणार कोण? ज्यांना ती हवी होती त्या फॉल-पिकोच्या दुकानात बसलेल्या.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घातलेली, पाटावर मांडलेली. रोट करतात, ते भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर बोळवण. वैशाखात आखाजी येते, अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. (त्याच दिवशी गल्लीतले पुरुष पत्ते कुटतात, त्याला गाणी नाहीत.) या दोन्ही सणांचं गाणं बायकांच्या ताब्यातलं. एक उचलते, बाकीच्या झेलतात. ज्या घरी कानबाई बसली त्या घरातल्या माणसांची नावं गाण्यात गुंफतात. सासऱ्याचं, दिराचं, शेजारच्या भाऊचं. कुणाचा कंजूषपणा काढतात, कुणाच्या नव्या मोटारसायकलचं कौतुक करतात. दरवर्षी तेच गाणं आणि दरवर्षी वेगळं.

म्हणजे अहिराणीतलं गाणं ही मुळात बायकांची मालमत्ता होती. जळगाव बाजूला लेवा बोली, तिथंही तेच. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शेतात, जात्यावर ओव्या रचत. त्यांना लिहिता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या, आणि 1952 साली गाणी पुस्तकात आली, कारण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्यानं ती उतरवून ठेवलेली होती आणि आचार्य अत्र्यांपर्यंत नेली. पुढे ती सिनेमात गेली, रेडिओवर गेली, शाळेच्या पुस्तकात गेली. आमच्या गल्लीत जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या घरात मात्र सोपानदेव नव्हते. पोरं होती, ती सुरतेला मागाच्या साच्यावर नाहीतर एमआयडीसीत.

पडद्याचा आणि इकडच्या बाईचा संबंध तसा उशिराच आला. यात्रेत तंबू टॉकीज यायची, त्यात बायकांना एका बाजूला कनातीपलीकडे बसवायचे. माय सांगते, तिथून हिरो अर्धाच दिसायचा. मग टीव्ही आला. स्मिता पाटील डिसेंबर 1986 मध्ये गेली आणि पुढच्याच महिन्यात, 25 जानेवारी 1987 ला, दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. आमच्या गावात टीव्ही मोजके. रविवारी सकाळी पाटलांच्या ओट्यावर पडदा लावावा तसा टीव्ही बाहेर काढून ठेवत. देवाचं आहे म्हणून बायकांना पुढे बसायला मिळालं. गावातल्या चारचौघांत, पुरुषांच्या पुढे, बायका काहीतरी बघत बसल्यात असं मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. मला रामायणातलं फार आठवत नाही, पण ती बैठक आठवते.

स्मिताचं नाव काढलं आहे तर तिच्याबद्दल एक सांगून टाकतो. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, त्यामुळे ती 'आपली'. दुकानात कुणी तिचं नाव घेतलं की चार जण माना डोलवणार. 1982 या एकाच वर्षात आलेले तिचे दोन सिनेमे घ्या. 'उंबरठा'त ती घर सोडून महिला सुधारगृहाचं काम बघायला जाते. 'नमक हलाल'मध्ये पावसात भिजत अमिताभसोबत नाचते. मी दोन्हींची गाणी भरून ठेवली होती. इतक्या वर्षांत कार्डांत गेलं ते पावसाचं गाणं. 'उंबरठा'ची गाणी मागायला एक रिटायर मास्तर यायचे, तेही वसंत बापट आणि सुरेश भट यांच्यापायी. आपली स्मिता, पण आपल्याला ती कुठली हवी होती ते माझ्या कॉम्प्युटरला ठाऊक होतं.

मालेगावचंही तसंच. मालेगाव आता नाशिक जिल्ह्यात, पण धुळ्याहून तासाभरावर, आणि तोंडवळा आमच्यातलाच. यंत्रमागावर काम करणारी माणसं शुक्रवारी सुट्टीला सिनेमा बघायची. तिथं नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसानं एक दिवस ठरवलं की आपणच पिक्चर काढायचे. शोलेची नक्कल काढली, सुपरमॅनची काढली, बजेट म्हणाल तर मुंबईच्या सेटवरच्या चहापाण्याइतकं. त्यांच्यावर 2008 साली माहितीपट निघाला, फेब्रुवारी 2025 मध्ये हिंदीत मोठा सिनेमाही आला. मला त्यात सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. गावातली बाई पडद्यावर यायला तयार नव्हती, नायिका बाहेरगावाहून आणावी लागायची. सगळं मालेगाव कॅमेऱ्यासमोर, फक्त मालेगावची बाई नाही. आणि गंमत बघा, या पोरांची गोष्ट जगाला सांगितली ती दोन बायकांनी. माहितीपट फैज़ा अहमद खान यांचा आणि सिनेमा रीमा कागती यांचा.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. पुढच्या मार्चअखेरपर्यंत नेट फुकट. माझी पाटी दोन-तीन महिन्यांत निकामी झाली. मी रडलो नाही, सिमकार्डांच्या रांगेनं त्या वर्षी बरं कमावून दिलं. पण 'काय टाकू?' हा प्रश्न संपला. आता प्रत्येक जण स्वतःच बोट फिरवतो आणि काय टाकायचं ते यूट्यूब ठरवतं.

आणि मग अहिराणीचा पूर आला. गावोगावच्या पोरांनी कॅमेरे घेतले, घरात अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकून स्टुडिओ केले, कपाशीच्या आणि केळीच्या शेतात शूटिंग सुरू केलं. 'बबल्या इकस केसावर फुगे' आलं तेव्हा इथल्या प्रत्येक वरातीत तेच. मग 2022-23 च्या लग्नसराईत 'हाई झुमकावाली पोर'. हे गाणं पुणं, कोल्हापूर, नागपूर सगळीकडे वाजलं. ज्यांना अहिराणीतला 'शे' कळत नाही तेही त्यावर नाचले. 2011 च्या जनगणनेत 'खान्देशी' नावाखाली साडेअठरा लाखांच्या आसपास लोकांची नोंद आहे, त्यात अहिराणी सांगणारेच बहुतेक. इतक्याशा लोकांच्या बोलीतलं गाणं कोट्यवधी वेळा बघितलं गेलं. माझा भाचा चाकणला कंपनीत आहे. आधी तो तिकडे गेला की आवाज बदलून बोलायचा, 'माले-तुले' चुकूनही तोंडात येऊ द्यायचा नाही. गणपतीत कंपनीत हे गाणं लागलं आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, अर्थ सांग म्हणून. त्यानं त्या रात्री मला फोन केला. बोलणं पूर्ण अहिराणीत. हे कुठल्या संमेलनानं किंवा ठरावानं घडवलेलं नाही, हे मी मान्य करतो, आणि मलाही त्या गाण्यावर नाचता येतं, म्हणजे हलता येतं.

तरी काउंटरची सवय गेलेली नाही. मी अजून मोजत बसतो, कोण मागतं आणि कोणाला मिळतं. या नव्या गाण्यांत लिहिणारा पोरगा, गाणारा बहुतेक पोरगा, कॅमेरामागे पोरगा. पोरगी नाचते. गाण्यात तिचा झुमका, तिचं चालणं, तिचा मोबाईल, ती बघते का नाही बघत याची चिंता. तिला काय वाटतं ते विचारायला कुणी थांबत नाही, कारण पहिल्या काही सेकंदांत ठेका पकडला नाही तर ऐकणारा पुढे सरकतो. ही गाणी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. काही फार चांगली बांधलेली आहेत, संबळ आणि कीबोर्डचा मेळ ऐकण्यासारखा. पण ज्या बोलीत गाणं म्हणजे बाईचं म्हणणं होतं, तिच्यात गाणं म्हणजे बाईला बघणं झालं. हे पंधरा-वीस वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि याची पहिली पायरी माझ्याच फोल्डरात होती. तिथं दुसरं काही ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

बायकांच्या हातात फोन आला तो करोनात. शाळा ऑनलाईन झाल्या, पोरांच्या अभ्यासासाठी घरात दुसरा फोन घ्यावा लागला. कर्ज काढून घेतलेले फोन मी विकले आहेत. दुपारी शाळा सुटली की तो फोन आईकडे. माझ्या दुकानात बायका यायला लागल्या त्या तेव्हापासून. पहिल्यांदा एक जण आली आणि तिनं विचारलं, "समोरचा कॅमेरा कुठल्यात चांगला आहे?" मागचा नाही, समोरचा. तो प्रश्न तोवर मला कुणी पुरुषानं विचारलेला नव्हता, कॉलेजची पोरं सोडली तर.

टिकटॉक 29 जून 2020 ला बंद झालं. इकडच्या कितीतरी बाया तोवर त्यावर आल्या होत्या, शेतात निंदताना, गोठ्यात शेण काढताना, दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवत. बंद झालं तेव्हा दुकानात येऊन एकीनं विचारलं, "भाऊ, मना व्हिडिओ कोठे गयात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग रील्स आले, यूट्यूबचे शॉर्ट्स आले, आणि यावेळी काही जणी स्वतःच्या आवाजात बोलायला लागल्या.

त्यांतली एक माझी नेहमीची गिऱ्हाईक आहे. जवळच्या खेड्यातली, शेतमजुरी करते. तिनं माझ्याकडून रिंग लाईट नेला, मग स्टँड, मग कॉलरचा माइक. सासू आणि सून दोन्ही तीच होते. पदर डोक्यावर घेतला की सून, कमरेला खोचला की सासू. भांडण कशावरून? बट्टी कडक झाली, भरिताला तेल जास्त पडलं, बाहेर वाळत घातलेले बिबडे बकरी खाऊन गेली. नुसतं अहिराणी, एक शब्द शुद्ध नाही. मी विचारलं, सुचतं कसं? "घरमा जे बोलता येत नही ते मोबाईलमा बोलस," म्हणाली. सासू आधी चिडली होती. आता रोज विचारते, "आज मनं सोंग काढं का नही?"

तिचे सबस्क्रायबर हजाराच्या वर केव्हाच गेले, पण पैसा नाही. जाहिरातीच्या पैशासाठी यूट्यूबची अट अशी आहे की हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं असावं, आणि शॉर्ट्स स्क्रोल करताना बघितलेला वेळ त्यात धरत नाहीत. शॉर्ट्सच्या वाटेनं जायचं तर नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. तिचे व्हिडिओ मिनिटभराचे. मी म्हटलं, आठ-दहा मिनिटांचे कर. ती म्हणाली, तेवढा वेळ कोणाकडे आहे, मी मध्येच गुरांना पाणी पाजून येते. लांब व्हिडिओ करायला लांब दुपार लागते. आठवड्यातून एकदा तरी ती मोकळी दुपार ज्यांना मिळते, ते कोण असतात ते मी सांगायची गरज नाही. व्हिडिओखाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास लिहितं, 'ताई, पदर नीट घ्या.' झुमक्याच्या गाण्याखाली असली सूचना मी कधी वाचली नाही.

कानबाईच्या गाण्यांचंही मधल्या काळात बरंच काही झालं. आज यूट्यूबवर ती ढिगानं आहेत. मायला आता माझ्याकडे कार्ड द्यावं लागत नाही. नातू टीव्हीवर लावून देतो, किंवा ब्लूटूथचा मोठा स्पीकर आणून ठेवतो, आणि रात्रभर कानबाई वाजत राहते. बायका भोवती बसलेल्या असतात, गप्पा मारतात, एखादी ओळ आली की सोबत गुणगुणतात, मग परत गप्पा. गेल्या श्रावणात मायनं मध्येच तो स्पीकर बंद करायला लावला. "गानं वाजस, कोन्ही म्हनत नही," म्हणाली. "आनि यामा आपला घरनं नाव कोठे शे?" सूनबाई म्हणाली, आई, त्यांना आपलं नाव कसं माहीत असणार. मायनं मान हलवली. मुद्दा दोघींचाही बरोबर होता. रेकॉर्ड झालेलं गाणं सगळ्यांच्या घरी जातं म्हणून कुणाच्याच घराचं नाव त्यात नसतं. मग म्हाताऱ्यांनी दोन-तीन गाणी म्हटली, दम लागला, आणि कुणीतरी स्पीकर परत चालू केला. खरं सांगायचं तर पोरींना स्पीकरवरचंच बरं वाटत होतं, त्यावर फुगडी घालता येते.

मी मायची बाजू घेऊन इथं रडगाणं लावणार नाही. तिच्या जाऊबाई, चुलतसासवा गेल्या, गाणी कमी होत गेली, हे स्पीकर येण्याआधीच सुरू झालं होतं. एकत्र बसून दळणं संपलं तेव्हा जात्यावरची ओवी संपली, त्यासाठी यूट्यूबला दोष देता येत नाही. पिठाची गिरणी आली म्हणून बाईची पाठ वाचली, आणि पाठ वाचली ही गोष्ट गाण्याहून मोठी आहे. शहरातून येऊन 'ओव्या हरवल्या' म्हणून हळहळणाऱ्यांना पायलीभर दळायला बसवावं, असं माझी बायको म्हणते. मी तिच्याशी सहमत आहे.

फक्त एक भांडण मला सोडायचं नाही, ते नावाचं.

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं हल्ली कानबाईच्या गाण्याचं रिमिक्स केलं. हुशार पोरगा. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, नोकरी लागली नाही, लग्नांत साऊंड लावतो आणि घरात रेकॉर्डिंग करतो. गाणं यूट्यूबवर टाकण्याआधी दुकानातल्या स्पीकरवर वाजवून बघायला आला. माय तेव्हा दुकानात होती, रिचार्जच्या खुर्चीवर. दोन ओळी झाल्या आणि ती म्हणाली, "हाई ते धाकली मायनं गानं शे." आमची चुलती, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. तिनं त्या ओळीत नदीवरच्या पुराची एक गोष्ट स्वतःहून घातली होती, दुसऱ्या कुठल्या गावात ती ओळ नाही, असं मायचं म्हणणं. पोरगा म्हणाला, माझ्या आजीनं म्हणून दाखवलं, मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आजीनं ते आमच्याच घरी बसून ऐकलेलं असणार. चोरीचा विषयच नव्हता.

मी त्याला विचारलं, खाली काय लिहिणार? त्यानं दाखवलं. संगीत, मिक्सिंग, कॅमेरा, ड्रोन, डीजे ऑपरेटर, मेकअप, आणि गीताच्या पुढे 'पारंपरिक'. मी म्हटलं, तिचं नाव टाक. तो हसला. "काका, धाकली आजीनं नाव टाकीसन व्ह्यूज वाढतीन का?" मी म्हटलं, ड्रोनवाल्याच्या नावानं वाढतात का? त्याला हे पटलं, निदान पटल्यासारखं केलं. म्हणाला, सांगा नाव, टाकतो.

आणि तिथं गाडी अडली. धाकली माय ही धाकलीच होती. मी विचार केला, मायनं विचार केला, शेजारचा फॉल-पिकोवाला आमच्याच भाऊबंदातला, तोही गप्प. तिचं माहेर मायला माहीत, तिची आजारपणं माहीत, कुठल्या सणाला तिनं काय रांधलं ते माहीत. नाव आठवेना. संध्याकाळी चुलतभावाच्या घरी जाऊन जुनं रेशनकार्ड काढलं तेव्हा मिळालं.

मग चुलतभावांना विचारणं आलं. मोठा म्हणाला, टाका, आईचं नाव होतंय तर चांगलंच आहे. धाकटा नाशिकला असतो. तो फोनवर म्हणाला, डीजेच्या गाण्याखाली आईचं नाव कशाला, लोक खाली काय काय लिहितात ते तुम्हाला माहीत नाही का. मला माहीत होतं, त्यामुळे मी काही बोललो नाही. पोरगा थांबायला तयार नव्हता, श्रावण तोंडावर आला होता. त्यानं गाणं चढवलं. 'गीत: पारंपरिक, पारोळा' असं लिहिलं, म्हणजे तेवढं तरी. नंतर नाव वाढवता येतं, यूट्यूबवर खालचा मजकूर कधीही बदलता येतो, हे त्यानंच मला दाखवलं. नाशिकचा भाऊ दिवाळीला येतो. तेव्हा त्याच्याशी समोरासमोर बसून बोलणार आहे. माय म्हणते, बोलायला मीच बसते, तू दुकान सांभाळ.